पावसाळ्यानंतर पुन्हा समुद्रात उतरताना

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही कोकण किनाऱ्यावरील कोळी बांधवांची पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे. या रीतीमागे श्रद्धा आहे, तसाच व्यवहारही आहे. पावसाळाभर झापांनी शाकारून किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी कोणताही तांडेल थेट पाण्यात ढकलत नाही. आधी तिच्या फळ्यांच्या फटी बुजविल्या जातात, तळाला तेल-रंग दिला जातो, दोर, नांगर आणि वल्ही तपासली जातात. मगच ती पाण्यात जाते, आणि पहिल्या खेपेला फार लांबही नेली जात नाही.

लाकडाच्या होडीबाबत जी खबरदारी आपण घेतो, ती स्वतःच्या शरीराबाबत मात्र घेत नाही. मे महिन्यात समुद्रात रोज पोहणारा तरुण जूनमध्ये पाणी सोडतो. चार महिन्यांनी आकाश निवळले की तो मे महिन्यातील त्याच जागी, त्याच वेळी आणि तितक्याच अंतराच्या हिशेबाने पुन्हा पाण्यात शिरतो. या अवधीत दोन गोष्टी बदललेल्या असतात. एक म्हणजे समुद्र व त्याचा किनारा, आणि दुसरी म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. या दोन्ही बदलांची नव्याने ओळख करून घेतल्याशिवाय पाण्यात उतरणे हे धाडस नसून केवळ बेसावधपणा होय.

उत्तरेस झाईपासून दक्षिणेस रेडीपर्यंत पसरलेला आपल्या राज्याचा किनारा पालघर, ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई शहर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांना लाभला आहे. या किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याची परंपरा आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरत आल्या आहेत. मुंबई बंदरात संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ५ किलोमीटरचे आणि धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचे अंतर जलतरणपटू पोहून जातात. अशा पोहणाऱ्यांची तयारी पावसाळा सरताच सुरू होते. याच सुमारास दिवाळीच्या सुटीतील पर्यटक आणि पाठोपाठ शाळांच्या सहली किनाऱ्यावर येऊ लागतात. म्हणून हा विषय जसा पोहणाऱ्यांचा आहे, तसाच ग्रामपंचायती, शिक्षक आणि स्थानिक अधिकारी यांचाही आहे.

किनारा तोच, पण तळ वेगळा

पावसाळ्यात नैऋत्येकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे कोकण किनाऱ्यावर तीन ते चार मीटर उंचीच्या लाटा उसळतात. या लाटा पुळणीवरील वाळू खरवडून समुद्रात नेतात आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली तिचे लांबट उंचवटे तयार होतात. पावसाळा संपल्यावर वारा मंदावतो, लाटांची उंची बहुधा एक मीटरच्या आत येते आणि या सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू किनाऱ्याकडे परत आणू लागतात. हे काम काही दिवसांत संपत नाही. त्याला काही आठवडे, क्वचित काही महिनेही लागतात.

त्यामुळे ऑक्टोबरातील पुळण मे महिन्यातील पुळणीसारखी नसते. जेथे कमरेइतक्या पाण्यात सपाट वाळू होती, तेथे खड्डा पडलेला असतो. जेथे वाळू होती, तेथे खडप उघडे पडलेले असते आणि त्यावरील कालवांच्या धारदार कडा पाय कापतात. ओढ्याने किंवा खाडीने आपले मुख थोडे सरकविलेले असते. वादळी पावसात वाहून आलेले ओंडके, जाळ्यांचे तुकडे आणि काचा वाळूत रुतून बसतात. गणेशविसर्जनाच्या जागी लाकडी पाट, खिळे, लोखंडी सळ्या आणि प्लास्टरचे तुकडे पाण्याखाली राहिलेले असतात. पाणी अजून गढूळ असल्यामुळे यांपैकी काहीच वरून दिसत नाही.

यावर उपाय साधा आहे. पोहण्यास आरंभ करण्यापूर्वी उधाणाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येच्या सुमारास, पूर्ण ओहोटीच्या वेळी किनारा पायी चालून पाहावा. त्या वेळी पाणी सर्वांत दूर गेलेले असते आणि एरवी झाकलेला तळ उघडा दिसतो. खड्डे, खडक आणि अडगळ यांच्या जागा किनाऱ्यावरील माड, देऊळ, धक्का अशा ठळक खुणांशी जोडून लक्षात ठेवाव्यात. या पाहणीत गावातील एखाद्या अनुभवी मच्छीमारास बरोबर घेतल्यास नकाशाही सांगू शकणार नाही इतकी माहिती त्याच्याकडून मिळते.

ऋतू, तिथी आणि वारा

नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र पोहण्यायोग्य झाला, असा काहींचा समज असतो. तो बरोबर नाही. श्रावणातला समुद्र अनुभवी खलाशांच्या होडीला वाट देतो, एकट्या पोहणाऱ्याला देईलच असे नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईतून नैऋत्य मोसमी वारे परत फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर ही आहे. त्यानंतर पाणी निवळू लागते. म्हणून साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी खुल्या समुद्रात पोहण्याची घाई करू नये.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचेही महिने आहेत, हे विसरता कामा नये. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हा कोकणातील अनेक मच्छीमारांचे प्राण गेले. दूर समुद्रातील वादळाच्या लाटा आपल्याकडे निरभ्र आकाश असतानाही किनाऱ्यावर पोहोचू शकतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचे अंदाज व इशारे प्रसिद्ध करते. पोहण्यापूर्वी ते पाहण्याची सवय लावून घ्यावी.

भरती-ओहोटीचे गणित पोहणाऱ्याला तोंडपाठ असावे. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर यासाठी एक सोपा हिशेब रूढ आहे. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. एकादशीला सव्वाआठच्या सुमारास भरती आणि सव्वादोनच्या सुमारास ओहोटी. दक्षिण कोकणात भरती याहून काहीशी आधी येते. प्रत्यक्षात थोडाफार फरक पडत असल्याने हा हिशेब अंदाजापुरता ठेवून छापील वेळापत्रकाशी पडताळून पाहावा.

पाणी सहा तास सारख्याच वेगाने उतरत नाही, ही दुसरी महत्त्वाची बाब. एकूण उताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी उतरते. मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांमधील फरक साडेचार मीटरांच्या पुढे जातो. तो ४.८ मीटर धरला, तर मधल्या दोन तासांतच पाणी २.४ मीटर, म्हणजे उंच माणसाच्या उंचीहूनही अधिक खाली जाते. या वेळी खाडीच्या मुखाशी पाण्याला विलक्षण ओढ असते. सप्तमी-अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगेच्या दिवसांत, हा फरक बराच कमी असतो. म्हणून विश्रांतीनंतरची पहिली पोहणी भांगेच्या दिवसांत, भरतीच्या शेवटच्या दोन तासांत आणि खाडीपासून दूर करावीत.

वाऱ्याचाही विचार हवा. पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. त्या वेळी पाणी शांत दिसते, परंतु हवा भरलेल्या रबरी नळीवर किंवा गादीवर तरंगणाऱ्याला हाच वारा नकळत दूर नेतो. दुपारनंतर खारे वारे सुरू होतात आणि पाण्यावर आखूड लाटा उठून श्वास घेणे अवघड होते. पोहण्यास सकाळची वेळ चांगली, मात्र तरंगण्याच्या साधनांवर भिस्त ठेवून खोल पाण्यात जाऊ नये.

आतली ओढ

किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटांचे पाणी परत जाण्यासाठी वाट शोधते. वाळूच्या उंचवट्यांमध्ये जेथे खिंड सापडते, तेथून ते अरुंद पट्ट्याने वेगाने समुद्राकडे वाहते. पावसाळ्यानंतर वाळूचे उंचवटे नव्याने बनलेले असल्यामुळे अशा खिंडीही नव्या ठिकाणी असतात. गेल्या वर्षी जेथे ओढ नव्हती, तेथे ती यंदा असू शकते.

ही जागा अननुभवी माणसाला सर्वांत सुरक्षित वाटते, कारण तेथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे शांत, काहीसा गढूळ पट्टा दिसला, किंवा फेस व कचरा समुद्राकडे सरकताना दिसला, तर तेथे ओढ आहे असे समजावे. उंचावरून पाच मिनिटे स्वस्थ उभे राहून पाहिले तरी ती ओळखता येते.

ओढीत सापडल्यास तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहू नये. जोरदार ओढीचा वेग तरबेज पोहणाऱ्यालाही भारी पडतो आणि बळी जातो तो बहुधा दमछाकीने. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, ती बाहेर नेते आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे तिचा जोर सरतो. म्हणून प्रथम उताणे होऊन तरंगावे, श्वास स्थिर करावा आणि एक हात वर करून मदत मागावी. नंतर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर यावे आणि जेथे लाटा फुटत आहेत तेथून, लाटांच्या साहाय्याने, किनारा गाठावा.

हात विसरत नाहीत, दम विसरतो

एकदा आलेले पोहणे माणूस विसरत नाही, हे खरे आहे. परंतु याच सत्यामुळे त्याची फसगत होते. हातापायांची लय पहिल्या दिवशीच परत येते आणि पोहणाऱ्याला आपण पूर्वीसारखेच आहोत असे वाटते. दमाचे तसे नसते. नियमित व्यायाम थांबल्यापासून दोन ते चार आठवड्यांतच हृदय व फुप्फुसांची कार्यक्षमता घटू लागते आणि चार महिन्यांत ही घट जाणवण्याइतकी होते. खांद्यांचे स्नायू व स्नायुबंध ढिले पडलेले असतात. दम काही आठवड्यांत परत येतो, पण स्नायुबंधांना बळकट होण्यास त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून दम आला तरी खांदा दुखत असेल, तर अंतर वाढवू नये.

तलावातल्या आणि समुद्रातल्या पोहण्यातही अंतर आहे. तलावात दर २५ किंवा ५० मीटरांवर भिंत असते, समुद्रात ती नसते. दिशा पाहण्यासाठी डोके वर काढावे लागते आणि त्यात शक्ती खर्च होते. समुद्रात जितके आत जावे तितकेच अंतर थकलेल्या अंगाने परत यावे लागते. विश्रांतीनंतरचे पहिले पोहणे म्हणूनच समुद्राच्या दिशेने नव्हे, तर किनाऱ्याला समांतर आणि छातीइतक्या पाण्यात असावे. थकवा आला की पाय टेकता आले पाहिजेत.

मे महिन्यात एका वेळी १,००० मीटर पोहणाऱ्याने पुढील क्रम ठेवावा. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड तीन वेळा, प्रत्येकी २५० मीटर. दुसऱ्या आठवड्यात ४०० मीटर, तिसऱ्यात ६०० आणि चौथ्यात ८०० मीटर. पाचव्या आठवड्यात पूर्वीचे अंतर गाठण्यास हरकत नाही. मधे आजारपण आले किंवा आठवडा चुकला, तर मागच्या पायरीपासून सुरुवात करावी. शक्य असल्यास सप्टेंबरमध्ये जलतरण तलावात आणि घरी खांद्यांचे हलके व्यायाम करून पूर्वतयारी करावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह किंवा फेफरे असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आरंभ करू नये. मद्यपान केलेल्याने तर पाण्याजवळही जाऊ नये.

कितीही तरबेज असला तरी कोणीही एकट्याने पोहू नये. डोक्यावर भडक रंगाची टोपी आणि कमरेला बांधलेला रंगीत फुगा असल्यास होडीवाल्यांना व किनाऱ्यावरील सोबत्याला पोहणारा लांबून दिसतो. पावसाळ्यानंतर मासेमारीच्या यांत्रिक होड्यांची वर्दळ वाढलेली असते, म्हणून ही काळजी अधिकच गरजेची आहे.

पाण्यातील इतर उपद्रव

मोठा पाऊस झाल्यावर नाले आणि खाड्या यांतून सांडपाणी व गाळ समुद्रात येतो. त्यामुळे परतीच्या पावसाची मोठी सर येऊन गेल्यास निदान दोन-तीन दिवस पोहणे टाळावे आणि नाल्यांच्या मुखाशी तर कधीच पोहू नये. अंगावर उघडी जखम असल्यास ती भरेपर्यंत थांबावे.

उथळ, गढूळ पाण्यात पाकट वाळूत लपून बसतात. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी मुंबईत गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना त्यांचे दंश झाले होते. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत चालावे, म्हणजे चाहूल लागून पाकट दूर जातात. दंश झाल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक नको) अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि रुग्णालयात जाऊन धनुर्वातप्रतिबंधक लस घ्यावी. जेलीफिशचा स्पर्श झाल्यास ती जागा चोळू नये, वाळूने घासू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत. श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

गावाने आणि शाळेने काय करावे

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मरण पावले. तो महिना पावसाळ्याचा नव्हता. शांत दिसणारा समुद्र निर्धोक असतोच असे नाही, हा धडा त्या दुर्घटनेने फार मोठी किंमत घेऊन शिकविला आहे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची संघटित सेवा सुरू झाली. आपल्या किनाऱ्यावरील गावांनाही आपापल्या ऐपतीप्रमाणे बरेच काही करता येण्यासारखे आहे.

दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या उधाणात ग्रामपंचायत सदस्य, मच्छीमार संस्थेचे प्रतिनिधी, शिक्षक आणि पोलीस पाटील यांनी मिळून ओहोटीच्या वेळी किनाऱ्याची पाहणी करावी. धोक्याच्या जागा ठरवून तेथे ठळक अक्षरांत फलक लावावेत, आणि गेल्या वर्षीचे फलक यंदाच्या तळाशी जुळतात की नाही हेही पाहावे. भरती-ओहोटीच्या रोजच्या वेळा किनाऱ्यावरील फळ्यावर खडूने लिहिण्यास खर्च येत नाही. तरंगते कडे आणि ३० मीटर लांबीचा दोर सर्वांना दिसेल अशा ठिकाणी टांगून ठेवावा. जीवरक्षक असतील तेथे लाल-पिवळ्या निशाणांमधील पट्ट्यातच पोहण्याचा दंडक पाळला जावा आणि लाल निशाण असताना कोणासही पाण्यात उतरू देऊ नये.

सहल नेणाऱ्या शिक्षकांनी किनाऱ्यावर पोहोचताच आधी गावकऱ्यांशी बोलावे, भरतीची वेळ विचारावी आणि विद्यार्थ्यांच्या दोन-दोनच्या जोड्या कराव्यात. पोहता येणारा विद्यार्थीही समुद्रात नवखाच असतो, हे ध्यानी धरून गुडघ्याच्या वर पाणी जाऊ देऊ नये.

कोणी बुडत असल्यास मदतीसाठी थेट उडी घेऊ नये. प्रथम ओरडून लोक गोळा करावेत, दोर, कडे, बांबू किंवा रिकामा पिंप त्याच्याकडे टाकावा. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे किंवा त्याचे पोट दाबणे ही जुनी पद्धत घातक आहे. तो बेशुद्ध असून त्याचा श्वास चालत नसेल, तर त्याला उताणे ठेवून हनुवटी वर उचलावी, नाक मिटून तोंडाने प्रथम दोन श्वास द्यावेत. नंतर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाब द्यावा आणि पुन्हा दोन श्वास द्यावेत. मदत येईपर्यंत हा क्रम थांबवू नये. ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक गावातील प्रत्येकास पाठ असावा.

समुद्रात पोहण्यासारखा सर्वांगसुंदर आणि बिनखर्ची व्यायाम दुसरा क्वचितच असेल. आपल्या तरुणांना त्यापासून परावृत्त करण्याचे कारण नाही. त्यांना एवढेच सांगावयाचे की, चार महिन्यांच्या खंडानंतर पहिल्या दिवशी पाहावे, दुसऱ्या दिवशी चाचपावे आणि मग पोहावे. होडी पाण्यात लोटण्यापूर्वी तिची प्रत्येक फट हाताने चाचपून पाहणारा तांडेल भित्रा नसतो. वर्षानुवर्षे तो घरी परत येतो, तो याच सवयीमुळे.